अध्यक्षांचा शेवटचा प्रवेश

स्नेहलता साबणे यांचा आवाज परदेशातल्या लोअर हट गावच्या निम्म्या मराठी माणसांनी कधी ऐकलेलाच नाही, आणि याचा बाईंना केवढा अभिमान! प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोचला की प्रॉम्प्टर नापास, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक नाटकाला त्या डाव्या विंगेत स्टुलावर बसायच्या. मांडीवर संहिता, नाकावर चष्मा, उजव्या हाताशी पडद्याचा दोर, कारण पडदा ओढायला दुसरं कोणी मिळत नसे. नटाची जीभ अडखळायच्या आत अर्धं वाक्य त्याच्या कानात पडलेलं असे. टाळ्या नटाला. यांना चहा, तोही गार झालेला.

हे कसब त्यांनी पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजच्या नोकरीत कमावलं, तिथल्या हौशी नाटकांत. त्यांचा एक नियम होता. विसरलेल्या नटाची नजर आधी जमिनीवर जाते, मग विंगेकडे. जो मुद्दाम थांबलाय त्याची नजर समोर असते. पहिल्याला शब्द द्यायचा, दुसऱ्याला मुळीच नाही. हा नियम त्या नव्या पोरांना समजावून सांगायच्या, आणि पोरं 'स्वीट ॲज, काकू', म्हणजे 'हो हो, कळलं', म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालायची.

आता अडुसष्ट वय. निवृत्तीआधी बावीस वर्षं अप्पर हटच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळली. रोज सकाळी डब्यासकट ट्रेन, संध्याकाळी ट्रेन. नवरा सुशील अकरा वर्षांपूर्वी गेला. मुलगा सिडनीत. घरात त्या, एक हीटर आणि संहितांनी भरलेलं कपाट. बाई बोलायला मवाळ, पण एकदा ठरवलं की ठरवलं. सुशीलराव म्हणायचे, हिला हलवण्यापेक्षा फ्रिज हलवणं सोपं.

आणि या बाईंनी गेल्या सप्टेंबरात जे केलं, त्याची चर्चा अजून शेजारच्या पेटोनीच्या भाजीवाल्याकडे चालते. ते नीट सांगायला हवं, कारण जो तो आपलं तिखटमीठ लावून सांगतोय.

आधी चंद्रहास परचुऱ्यांबद्दल. चंद्रहासराव म्हणजे मंडळ आणि मंडळ म्हणजे चंद्रहासराव. वीस वर्षांपूर्वी त्यांनीच आपल्या गॅरेजमध्ये बारा माणसं जमवून मंडळ काढलं. पुण्याहून कोणी इंजिनियर आला की विमानतळावर हे हजर. भाड्याचं घर बघून देणार, गाडी शिकवणार, डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, ब्रेड कुठला घ्यावा तेसुद्धा सांगणार. सुशीलराव गेले तेव्हा चार दिवस हा माणूस साबण्यांच्या घरातून हलला नाही. तेव्हापासून दर गुरुवारी स्नेहलताताईंना गाडीतून वाणसामानाला नेतो. हे त्यांना 'वहिनी' म्हणतात, त्या यांना 'भावजी'. माणूस सोन्यासारखा, यात वाद नाही.

पण अध्यक्षपद! पहिल्या दिवसापासून अध्यक्ष हेच. मंडळाची वार्षिक सभा नाटक आणि जेवण यांच्या मध्ये घ्यायची पद्धत. आधी घेतली तर कोणी वेळेवर येत नाही, जेवणानंतर घेतली तर कोणी थांबत नाही. त्यामुळे पडदा पडला की पाच मिनिटांत सभा. हॉलभर वड्यांचा वास, पोटात कावळे ओरडताहेत, कोण कशाला प्रश्न विचारतोय? चिटणीस शिवाजी धुमाळ माइकपाशी यायचा. "अध्यक्षपदासाठी मी चंद्रहासरावांचं नाव सुचवतो." मग डाव्या विंगेतून, स्टुलावरून न उठता, हलक्या आवाजात एक शब्द यायचा, "अनुमोदन." शिवाजी मान डोलावून वहीत लिहायचा. टाळ्या. चला जेवायला.

होय, अनुमोदन स्नेहलताताईंचं. एकोणीस वर्षं. प्रॉम्प्ट दिल्यासारखंच त्या ते द्यायच्या, तितक्याच सवयीने.

मधल्या तीन वर्षांत एक गंमत झाली होती. गंमत कसली, लाजच ती. ऋचा बर्वे म्हणून नाशिकची मुलगी, इथे शिकायला आली, फिजिओथेरपिस्ट झाली, इथलीच झाली. कामाला वाघीण. तिने अध्यक्षपदासाठी आपलं नाव लिहून दिलं. शिवाजी म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू हां." दुसऱ्या वर्षी दिलं. पुढच्या वर्षी बघू. तिसऱ्या वर्षीही तेच. चिठ्ठ्या शिवाजीच्या वहीत, आणि सभेत मात्र तेच नाव आणि विंगेतून तेच अनुमोदन.

आता नाटकाची गोष्ट. विसाव्या वर्षी काहीतरी दणदणीत करायचं असं ठरलं आणि स्नेहलताताईंनी आपली वही पुढे केली. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटणाऱ्या बाईने स्वतः नाटक लिहिलंय म्हटल्यावर सगळे चाटच पडले. नाटक आफ्रिकेतल्या लुंबेरा देशाचं. देश नुकताच स्वतंत्र झालेला, आणि त्याचा पहिला अध्यक्ष जोसेफ मटांडा. तुरुंगात गेलेला, गोऱ्यांना नमवणारा, लोकांनी डोक्यावर घेतलेला म्हातारा.

स्नेहलताताईंना लुंबेरा कुठून माहीत? अहो, त्या वाढल्याच तिथे. वडील तुकाराम नागवेकर राजधानीतल्या सरकारी छापखान्यात खिळे जुळवायचे. स्वातंत्र्याला सात वर्षं झाली तेव्हा निवडणूक झाली आणि मटांडा हरला. सैन्य त्याच्या बाजूचं होतं. एक शब्द टाकला असता तर निकाल रद्द झाला असता. त्या सकाळी तुकारामांना सहालाच बोलावणं आलं. दुपारी चौदा वर्षांची स्नेहलता त्यांचा डबा घेऊन गेली, तर बाबांच्या स्टुलावर एक म्हातारा बसलेला. टोपी गुडघ्यावर, चष्मा कपाळावर, हातात ओलं प्रूफ. बोटं शाईने काळी झालेली. "डब्यात काय?" त्याने इंग्रजीत विचारलं. तिला थालिपीठ इंग्रजीत सांगता येईना, म्हणून तिने डबाच उघडला. त्याने निम्मं थालिपीठ खाल्लं, हात पुसले आणि निळ्या पेन्सिलीने प्रुफातली एक ओळ खोडली. 'मी घडवलेली खुर्ची सोडून जातो' अशी ती ओळ होती. वर लिहिलं, 'तुमची खुर्ची तुम्हाला परत देतो.' संध्याकाळी तेच भाषण मटांडाने रेडिओवर केलं. छापखान्यात बाबा रडले, आणि तिने बाबांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

ते प्रूफ स्नेहलताताईंपाशी आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत, संहितांच्या कपाटात. पुण्याला गेलं, लोअर हटला आलं. सगळं नाटक त्यांनी लिहिलं ते या एका पानासाठी. तिसऱ्या अंकाचा शेवटचा प्रवेश म्हणजे ते भाषण, मराठीत.

चंद्रहासरावांनी पहिले दोन अंक वाचले आणि मटांडाची भूमिका स्वतःकडे घेतली. हौसेने तोंडाला काळा रंग लावू म्हणाले. ऋचा ताडकन उठली. "काका, असलं काही करणार असाल तर मी घरी चालले." स्नेहलताताई म्हणाल्या, "तोंडाला काही फासायचं नाही. टोपी आणि काठी, बस. माणूस आतून उभा करा." चंद्रहासरावांनी ऐकलं. खरं सांगायचं तर केलंही झकास. दर रविवारी गॅरेजमध्ये तालीम, आणि तुरुंगाचा प्रवेश असा करायचे की शिवाजीसुद्धा नाक ओढायचा. ऋचा होती नाओमी, निवडणूक जिंकणारी बाई.

पण शेवटचा प्रवेश आला की घड्याळ आडवं यायचं. "आज राहू दे, वहिनी, उशीर झाला." "शोच्या दिवशी मारून नेऊ." तीन महिन्यांत त्या प्रवेशाची एकही तालीम झाली नाही. आणि शोच्या आधीच्या बुधवारी ग्रुपवर मेसेज पडला: 'हॉल सहाला रिकामा करायचाय, सामोअन चर्चच्या कॉयरचं बुकिंग आहे. शेवटचा प्रवेश कट. नाटक स्वातंत्र्यदिनाच्या प्रवेशावर संपेल. हीप्स ऑफ थँक्स!' खाली सत्तावीस अंगठे.

स्नेहलताताईंनी अंगठा दिला नाही.

गुरुवारी गाडी आली. बाई पिशव्या घेऊन बसल्या. वारा असा की रस्त्यावरचे कचऱ्याचे डबे लोळत होते. पेटोनी आलं तशी बाईंनी विषय काढला.

"भावजी, तो प्रवेश नऊ मिनिटांचा आहे," त्या म्हणाल्या. "मी घड्याळ लावून वाचलाय. दोनला सुरू केलं तर जेवणासकट साडेपाचला हॉल रिकामा होतो."

"वहिनी, लोकांना कंटाळा येतो शेवटी."

"नऊ मिनिटांत?"

चंद्रहासरावांनी गाडी पार्क केली, पण किल्ली काढली नाही. "स्पष्टच बोलू? पाच मिनिटांनी सभा आहे. त्याच्या आधी मी स्टेजवर उभा राहून म्हणायचं, खुर्ची परत देतो? लोक काय म्हणतील? ती ऋचा समोर उभी असणार. मुद्दाम केल्यासारखं दिसेल."

"म्हणजे वेळेचा प्रश्न नव्हताच."

"एकोणीस वर्षं, वहिनी! कोणी पुढे आलं? मी सोडलं तर बघणार कोण?"

"ऋचाने तीनदा नाव दिलं."

"आणि दर वेळी माझ्या नावाला अनुमोदन कोणी दिलं?" ते हसत म्हणाले. टोमणा नव्हता तो, लाडीगोडीच होती. "तुम्हीच की!"

खरंच की. त्यांनीच. ऋचाच्या चिठ्ठ्यांबद्दल त्यांना ठाऊक होतं, आणि तरी तोंडातून शब्द निघाला होता, कुणी न विचारता. शरम वाटली त्यांना, अगदी कानशिलं तापेपर्यंत. त्या दिवशी त्यांनी कोथिंबीर घेतली आणि तांदूळ विसरल्या.

घरी येऊन त्यांनी ते प्रूफ काढलं, निळ्या पेन्सिलीची ओळ बघितली आणि ठरवलं. हा प्रवेश होणार. मग ऋचाला फोन केला. "शनिवारी नाओमीचा शेवटचा ड्रेस घालून उजव्या विंगेत उभी राहा. बाकी मी बघते."

"काकू, काका चिडतील."

"चिडू देत. चिडलेल्या माणसाला वाक्य सांगता येतं."

शनिवार उजाडला. अडीचशे माणसं. हॉलच्या केअरटेकरने दारातच 'किया ओरा' असा तिकडचा नमस्कार करून नटराजापुढच्या उदबत्तीकडे संशयाने पाहिलं. नारळ फोडला, तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. पहिला अंक रंगला, दुसरा त्याहून. चंद्रहासराव त्या दिवशी खरंच मोठे नट होते. स्वातंत्र्यदिनाचा प्रवेश आला, हातात झेंडा घेऊन ते खुर्चीपुढे उभे राहिले, "लुंबेरा अमर राहो!" म्हणाले, आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. गाणं वाजलं. संपलं. त्यांनी ओठ न हलवता विंगेकडे म्हटलं, "पडदा."

पडदा हलला नाही.

स्नेहलताताईंनी दोराचे दोन वेढे मुठीला घेतले होते. "मोजणी झाली. मी हरलो," त्यांनी प्रॉम्प्ट दिला.

चंद्रहासरावांनी डोळे असे वटारले की दुसरी एखादी पळून गेली असती. "वहिनी, पडदा!"

"मोजणी झाली. मी हरलो."

टाळ्या ओसरल्या. कुठेतरी एका छोट्या मुलीने विचारलं, "इज इट फिनिश्ड, आई?" आईने श्श केलं. आणि उजव्या विंगेतून ऋचा आली. संहितेत होतं तसं, हळू चालत, खुर्चीच्या बाजूला येऊन हात मागे बांधून उभी राहिली. आता स्टेजवरून पळायला वाट नव्हती. अध्यक्ष, खुर्ची, आणि जिंकलेली बाई.

चंद्रहासरावांनी जमिनीकडे पाहिलं. मग विंगेकडे. आता त्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती वाक्याची गरज होती.

"मोजणी झाली," बाई म्हणाल्या.

"मोजणी झाली," चंद्रहासराव म्हणाले. आवाज बसलेला. "मी हरलो."

पाठांतर तर शून्य होतं. त्यामुळे सबंध भाषण दोन आवाजांत झालं, एक विंगेतला कोणाला न ऐकू येणारा, एक स्टेजवरचा. कोणी म्हणेल, म्हाताऱ्याने सात वर्षं देश वाढवला, त्याला असं घालवायचं? मी वाढवला नाही. तुम्ही वाढवलात, मी पुढे उभा होतो. बाई एकेक ओळ देत होत्या आणि तो माणूस एकेक ओळ उचलत होता.

"काल एकजण मला म्हणाला, तुमच्यानंतर कोण?"

इथे चंद्रहासराव थांबले. बाईंनी पुढची ओळ द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण चंद्रहासरावांची नजर समोर होती. सरळ, प्रेक्षकांकडे. हा विसरलेला माणूस नव्हता. बाई गप्प राहिल्या. आयुष्यात एवढं अवघड गप्प राहणं त्यांनी केलं नव्हतं.

"मला वाईट वाटलं," चंद्रहासराव आपले आपणच म्हणाले. एकदाच वाचलेलं, पण आत कुठेतरी राहिलं होतं. "सात वर्षांत मी दुसरं कोणी तयार होऊ दिलं नाही, असाच त्याचा अर्थ झाला." मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, "तुमची खुर्ची तुम्हाला परत देतो."

बाईंनी दोर सोडला, पडदा पडला. विंगेत अंधार होता म्हणून बरं, नाहीतर रडताना सगळ्यांनी पाहिलं असतं. बाबांचं ते पान आज मराठीत मोठ्याने वाचलं गेलं होतं.

पाच मिनिटांनी पडदा पुन्हा उघडला. वड्यांचा वास आला होता. शिवाजी वही घेऊन माइकपाशी आला. बिचाऱ्याला नाटक कळलं नव्हतं असं नाही, पण सवय वाईट. "अध्यक्षपदासाठी मी चंद्रहासरावांचं नाव सुचवतो," तो म्हणाला आणि पेन उघडून थांबला.

डाव्या विंगेतून काही आलं नाही.

शिवाजीने वळून पाहिलं. हॉलने पाहिलं. आणि स्नेहलताताई उठून, चष्मा छातीवर लोंबतोय, पायात जॅन्डल्स, म्हणजे साध्या रबरी सपाता, अशा स्टेजवर आल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. माइक त्यांच्या उंचीचा नव्हता. शिवाजीने तो खाली केला.

"मी अनुमोदन देत नाही," त्या म्हणाल्या. "भावजींनी वाईट केलं म्हणून नव्हे. आम्हाला विमानतळावरून त्यांनी आणलं. ह्यांना खांदा त्यांनी दिला. हे मी जन्मात विसरणार नाही. पण ऋचाचं नाव तीनदा आलं होतं. मला माहीत होतं. आणि तरी मी तिथे बसून एक शब्द बोलत राहिले. ती चूक माझी. या पोरीची मी माफी मागते."

चंद्रहासराव अजून मटांडाच्या टोपीत उभे होते. त्यांनी जमिनीकडे पाहिलं. मग सवयीने डाव्या विंगेकडे. तिथे रिकामं स्टूल होतं. मग ते शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे वळले आणि अगदी हळू, नटाने विचारावं तसं विचारलं, "वहिनी, पुढचं वाक्य?"

बाईंना त्या माणसाचा कळवळा आला. सांगावंसं वाटलं. दोन शब्द पुरले असते.

"नाटकातलं होतं तेवढं दिलं, भावजी," त्या म्हणाल्या. "हे तुमचं तुम्हीच म्हणायचं." आणि त्या विंगेत निघून गेल्या.

चंद्रहासराव किती वेळ उभे होते कोण जाणे. कोणी म्हणतं अर्धं मिनिट, कोणी म्हणतं पाच. मग त्यांनी टोपी काढली, खुर्चीवर ठेवली. डोळे पुसले, आणि ते लपवले नाहीत.

"मी नाव मागे घेतो," ते म्हणाले. "शिवाजी, लिही. अध्यक्षपदासाठी ऋचा बर्वे. सूचक, चंद्रहास परचुरे."

शिवाजीने लिहिलं. ऋचाने तोंडावर हात घेतला. आणि डाव्या विंगेतून, स्टुलावरून, खणखणीत आवाज आला:

"अनुमोदन!"

शेवटच्या रांगेपलीकडे, स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभ्या असलेल्या बायकांनीसुद्धा माना वर केल्या आणि एकमेकींना विचारलं, हा आवाज कुणाचा?